१२०० रवे, २४ वजनं आणि तीन उत्तरं

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याकडे एक किलोच्या रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, गाडी गुजरातला जायला तयार आहे. माल करवीर तालुक्यातल्या एकाच गुऱ्हाळाचा, एका दिवस-रात्रीत निघालेला. आठ आदणं (आदण म्हणजे काहिलीत एका वेळी शिजणारा गूळ), दर आदणाचे १५० रवे, एकूण १२००. पंचवीस रव्यांचा एक बॉक्स, असे ४८ बॉक्स. मागच्या खेपेला तिकडच्या घेणाऱ्याने फोन करून सांगितलं होतं, "माल चांगला आहे, पण वजनात कमी भरतो." तेव्हा गाडी हलण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे: रव्यांचं सरासरी वजन खरंच १००० ग्रॅम आहे का?

हे प्रकरण आणि त्यातली वजनं शिकण्या-शिकवण्यासाठी रचलेली आहेत. गुऱ्हाळाची रीत, सूत्रं आणि नियम मात्र जसेच्या तसे आहेत. वजनं मुद्दाम पूर्ण दिली आहेत. कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन प्रत्येक आकडा पडताळता यावा, हा हेतू.

सगळेच रवे का तोलू नयेत? बॉक्स उघडायचा, वेष्टन काढायचं, तोलायचं, लिहायचं आणि परत बांधायचं. एका रव्याला २० सेकंद धरले तरी १२०० रव्यांना ६ तास ४० मिनिटं लागतात. शिवाय सुट्टा केलेला गूळ हाताळताना कडा झडतात, तो तोटा वेगळाच. म्हणून नमुना.

रव्याचं वजन मुळात हलतं का?

नमुना घेण्याआधी माल कसा होतो ते पाहायला हवं, कारण पुढची सगळी गडबड तिथूनच येते. काहिलीत रस उकळतो, भेंडीचं पाणी घालून मळी वर आणतात आणि काढतात, पाक ११८ अंशांच्या आसपास आला की काहील उतरवतात. वेळ गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, ठरवतो. पाक थंड पाण्यात टाकून गोळी कशी वळते ते तो बोटांनी बघतो. मग पाक वाफ्यात, म्हणजे निववायच्या उथळ जागेत, ओतून घोटायचा आणि आळायला लागला की साच्यांत भरायचा.

एक किलोचा रवा कोणी एकेक तोलून करत नाही. साचा भरला की रवा झाला, त्यामुळे वजन ठरतं ते साच्याच्या पोटावर आणि भरणाऱ्याच्या हातावर. वाफ्यातला सुरुवातीचा पाक पातळ असतो, तो साच्यात सपाट बसतो. शेवटचा घट्ट झालेला पाक कधी वर फुगीर राहतो, कधी खाली हवा धरतो. हा एकाच आदणाच्या आतला फरक. दुसरा फरक आदणा-आदणातला: पाक किती आटवला, कोणी भरला, कोणत्या साच्यात भरला. एका आदणाचे रवे एकमेकांची भावंडं असतात. सांख्यिकीच्या भाषेत, ते एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं मोल कळेल.

पहिला प्रयत्न: दाराजवळचे दहा

व्यापाऱ्याचा पुतण्या बी. एस्सी.ला आहे, विषय संख्याशास्त्र. गोदामात दाराजवळ जे बॉक्स होते त्यातले दहा रवे त्याने काढले, वेष्टन उतरवून १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलले:

१००४, ९९८, १००७, १००१, १०१०, ९९५, १००३, १००६, ९९९, १००७

बेरीज १००३०, सरासरी १००३. प्रत्येक वजनाचं १००३ पासूनचं अंतर काढून वर्ग करा: १, २५, १६, ४, ४९, ६४, ०, ९, १६, १६. बेरीज २००. ती दहाने नाही, नवाने भागायची, कारण सरासरी याच दहा आकड्यांतून काढली आहे आणि नऊ अंतरं कळली की दहावं आपोआप ठरतं. २०० ÷ ९ = २२.२, वर्गमूळ ४.७१ ग्रॅम. हे नमुन्याचं प्रमाण विचलन, म्हणजे एकेक रवा सरासरीपासून साधारण किती दूर जातो ते.

सरासरी स्वतः किती हलते, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी ४.७१ ला √१० ने भागायचं: १.४९ ग्रॅम. ही प्रमाण त्रुटी, म्हणजे स्टँडर्ड एरर. परीक्षेत बरेच गुण इथे जातात. प्रमाण विचलन रव्याचं, प्रमाण त्रुटी सरासरीची. वहीत दोन्ही आकड्यांपुढे 'कशाची' हे लिहायची सवय लावली की घोटाळा निम्मा मिटतो.

पुतण्याने ही त्रुटी ९५ टक्क्यांसाठीच्या १.९६ या गुणकाने गुणली: १.९६ × १.४९ = २.९. विश्वास-अंतराल, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी ज्यात असावी असा पट्टा), १०००.१ ते १००५.९ आला. खालची कड १००० च्या वर, म्हणून तो म्हणाला, "काका, माल बरोबर आहे. पंचाण्णव टक्के खात्री."

इथे दोन चुका आहेत. एक सूत्रातली आणि दुसरी गोदामातली.

सूत्रातली चूक आधी. १.९६ हा गुणक तेव्हा चालतो, जेव्हा समष्टीचं, म्हणजे सगळ्या मालाचं, खरं प्रमाण विचलन माहीत असतं. इथे ते दहा रव्यांवरून अंदाजलं आहे आणि दहा रव्यांचा अंदाज स्वतःच डळमळीत असतो. डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअरच्या दर्जावर काम करणाऱ्या विल्यम गॉसेटला हीच अडचण होती: छोटे नमुने आणि अज्ञात विचलन. त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने उत्तर छापलं. त्यातून आलेलं टी-कोष्टक आजही वापरतो. दहा निरीक्षणांना स्वातंत्र्यमात्रा (मोकळेपणाने बदलू शकणारी अंतरं, मघाचे तेच नऊ) ९, आणि ९५ टक्क्यांसाठी टी = २.२६२. आता २.२६२ × १.४९ = ३.४ आणि अंतराल ९९९.६ ते १००६.४. १००० आत आलं. 'माल नक्की पुरा आहे' हा दावा निव्वळ गुणक सुधारल्यावर गळून पडला.

गोदामातली चूक याहून मोठी आहे. दाराजवळचे ते बॉक्स सगळे सातव्या आदणाचे होते. तेव्हा ९९९.६ ते १००६.४ हे उत्तर बरोबर आहे, पण ते सातव्या आदणातल्या १५० रव्यांबद्दलचं आहे. उरलेल्या १०५० रव्यांनी या हिशेबात भागच घेतलेला नाही. दहाच्या जागी साठ रवे तोलले असते तरी ते सातव्या आदणाचेच राहिले असते. अंतराल अरुंद झाला असता, खात्री वाढल्यासारखी वाटली असती आणि उत्तर तितकंच चुकीच्या मालाचं राहिलं असतं. नमुना कुठून घेतला याची चूक रव्यांची संख्या वाढवून दुरुस्त होत नाही.

दुसरा प्रयत्न: प्रत्येक आदणातून तीन

या वेळी आधी बॉक्स आदणाप्रमाणे लावून घेतले, दर आदणाचे सहा. प्रत्येक आदणाच्या रव्यांना मनात १ ते १५० क्रमांक दिले आणि कॅल्क्युलेटरवरून तीन यादृच्छिक क्रमांक काढले. समजा ८७ आला: पहिल्या तीन बॉक्सांत ७५ रवे जातात, म्हणून चौथा बॉक्स, बारावा रवा. हाताला येईल तो रवा घ्यायचा नाही. हात नेहमी वरच्या, अखंड, देखण्या रव्याकडे जातो आणि देखणा रवा बहुधा भरीव असतो.

काटाही तपासला. सुरुवातीला, दर आठ रव्यांनंतर आणि शेवटी प्रमाणित १ किलोचं वजन ठेवून काटा १००० दाखवतो का ते पाहिलं. पारड्यावर गुळाचा चुरा साठतो, तो पुसला. पंखा बंद केला. हे बारीकसारीक वाटेल, पण काटा ४ ग्रॅम कमी दाखवत असेल तर सगळा अंतराल ४ ग्रॅम खाली सरकतो आणि सूत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. विश्वास-अंतराल फक्त नमुना निवडीतल्या योगायोगाचा हिशेब ठेवतो. काट्याची खोड त्यात येत नाही.

वजनं अशी:

आदण १: १००८, १००३, ९९८ (सरासरी १००३)
आदण २: ९९५, ९९२, ९८६ (९९१)
आदण ३: १००९, १००७, ९९९ (१००५)
आदण ४: ९९०, ९८९, ९८२ (९८७)
आदण ५: १००४, ९९६, ९९४ (९९८)
आदण ६: ९९६, ९९३, ९८७ (९९२)
आदण ७: १००८, १००६, ९९८ (१००४)
आदण ८: ९९२, ९८७, ९८५ (९८८)

चोवीस वजनांची सरासरी ९९६. आठही आदणांचे रवे सारखेच, १५०, म्हणून साधी सरासरी चालते. एका आदणाचे ११० आणि दुसऱ्याचे १७० असते, तर आदणाच्या सरासऱ्यांना त्या-त्या संख्येने वजन द्यावं लागलं असतं.

आता अंतराल. इथे एकाच २४ आकड्यांतून तीन उत्तरं निघतात, आणि या प्रकरणाचं खरं काम ती तीन वेगळी ओळखणं हे आहे.

पहिलं उत्तर, जे बहुतेक जण लिहितात. चोवीस आकडे एका रांगेत मांडले, वर्गांची बेरीज १५१८, भागिले २३, म्हणजे ६६. प्रमाण विचलन ८.१२, प्रमाण त्रुटी ८.१२ ÷ √२४ = १.६६. टी (२३) = २.०६९. अंतराल ९९२.६ ते ९९९.४.

दुसरं उत्तर. आठही आदणं नमुन्यात आहेत, एकही सुटलेलं नाही. मग आदणा-आदणातला फरक या गाडीपुरता योगायोग उरत नाही. तो पूर्ण पाहिलेला आहे. अनिश्चितता उरते ती फक्त आदणाच्या आत: १५० पैकी कोणते तीन हाती लागले. प्रत्येक आदणातल्या अंतरांच्या वर्गांच्या बेरजा ५०, ४२, ५६, ३८, ५६, ४२, ५६, २६, एकूण ३६६. दर आदणाला २ प्रमाणे स्वातंत्र्यमात्रा १६. ३६६ ÷ १६ = २२.९, वर्गमूळ ४.७८. (सातव्या आदणाच्या त्या दहा रव्यांनी ४.७१ सांगितलं होतं, दोन्ही जुळतात.) प्रमाण त्रुटी ४.७८ ÷ √२४ = ०.९८. टी (१६) = २.१२०. अंतराल ९९३.९ ते ९९८.१. इथे प्रत्येक आदण हा एक स्तर झाला, याला स्तरित नमुना म्हणतात.

तिसरं उत्तर. प्रश्न या गाडीचा नसून गुऱ्हाळाचा असेल, म्हणजे 'हे गुऱ्हाळ हंगामभर सरासरी किती वजनाचा रवा काढतं?' असा असेल, तर ही आठ आदणं हंगामातल्या शेकडो आदणांपैकी आठ आहेत. आता नमुन्याचं एकक रवा राहत नाही, आदण होतं. आठ सरासऱ्या घ्या: १००३, ९९१, १००५, ९८७, ९९८, ९९२, १००४, ९८८. ९९६ पासूनच्या अंतरांचे वर्ग: ४९, २५, ८१, ८१, ४, १६, ६४, ६४, बेरीज ३८४. भागिले ७, म्हणजे ५४.९. प्रमाण विचलन ७.४१, प्रमाण त्रुटी ७.४१ ÷ √८ = २.६२. टी (७) = २.३६५. अंतराल ९८९.८ ते १००२.२.

तीन उत्तरं शेजारी ठेवा. गाडीबद्दल: ९९३.९ ते ९९८.१, १००० बाहेर. गुऱ्हाळाबद्दल: ९८९.८ ते १००२.२, १००० आत. आणि रांगेत मांडलेलं ९९२.६ ते ९९९.४ हे दोन्हींचं नाही. गाडीसाठी ते गरजेपेक्षा रुंद आहे, गुऱ्हाळासाठी फसवं अरुंद. याच्या जोरावर कोणी गुऱ्हाळमालकाला 'तुमचं गुऱ्हाळ कमीच भरतं, आकडेच सांगतात' असं सुनावलं असतं, तर आकड्यांनी तसं सांगितलेलं नव्हतं.

सूत्र तिन्ही वेळा एकच आहे: सरासरी ± टी × (प्रमाण विचलन ÷ √न). बदललं काय, तर 'न' कशाची मोजणी आहे आणि विचलन कशाकशातलं आहे. ते ठरतं एका प्रश्नावरून: सरासरी कोणाची? माझ्या मते प्रास्ताविक अभ्यासक्रमात टी-कोष्टकाला जेवढे तास दिले जातात तेवढे या प्रश्नाला द्यायला हवेत. कोष्टक मोबाइलमध्येही मिळतं, हा प्रश्न मात्र मोबाइल विचारत नाही.

हा विचार शेतीतूनच मोठा झाला आहे. साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला जर्झी नेमन यांच्या हाताखाली शिकले. ज्यांनी १९३७ मध्ये विश्वास-अंतरालाची उपपत्ती सविस्तर मांडली तेच हे नेमन. परत आल्यावर सुखात्म्यांनी पीक-कापणीच्या पाहण्या यादृच्छिक नमुन्याने व्हाव्यात म्हणून काम केलं. तिथेही आधी गाव, मग शेत, मग शेतातला तुकडा अशा पायऱ्या असतात आणि एका गावातली शेतं एकमेकांसारखी असतात. गावाच्या जागी आदण ठेवा, गणित तेच.

जास्त रवे तोलले असते तर?

गुऱ्हाळाबद्दलचं उत्तर फार रुंद आहे, बारा ग्रॅमहून अधिक. अरुंद करायला काय करावं? पहिली सूचना नेहमी येते: दर आदणातून तीनऐवजी पंधरा रवे तोला. करून बघू. आदणा-आदणातला खरा फरक (५४.९ मधून आतल्या फरकाचा वाटा २२.९ ÷ ३ वजा करून) ४७.२ येतो, आदणाच्या आतला २२.९. सरासरीचं विचरण (प्रमाण त्रुटीचा वर्ग) म्हणजे ४७.२ ÷ आदणं + २२.९ ÷ एकूण रवे.

८ आदणं, दर आदणी ३ रवे: ५.९० + ०.९५ = ६.८५, प्रमाण त्रुटी २.६२.
८ आदणं, दर आदणी १५ रवे: ५.९० + ०.१९ = ६.०९, प्रमाण त्रुटी २.४७.
२४ आदणं, दर आदणी १ रवा: १.९७ + ०.९५ = २.९२, प्रमाण त्रुटी १.७१.

पाचपट मेहनत करून १२० रवे तोलले तर ०.१५ ग्रॅमचा फायदा. त्याच चोवीस रव्यांची मेहनत चोवीस आदणांवर पसरली तर त्रुटी एक तृतीयांशाने खाली. म्हणून गुऱ्हाळ तपासायचं असेल तर एका दिवशी ढीगभर तोलण्यापेक्षा आठवडाभर रोज थोडं तोला.

सम आदणं

सरासऱ्यांची यादी पुन्हा वाचा. १००३, ९९१, १००५, ९८७, ९९८, ९९२, १००४, ९८८. एक वर, एक खाली. विषम आदणांची सरासरी १००२.५, सम आदणांची ९८९.५, फरक १३ ग्रॅम. हा योगायोग नसावा म्हणून पुतण्याने गुऱ्हाळावर फोन लावला. गुळव्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरा, साच्याचे दोन संच हायती. एका आदणाचे रवे निवत असत्यात, तवर दुसरं आदण दुसऱ्या संचात भरतो."

आकडे बघून सुचलेलं कारण त्याच आकड्यांनी सिद्ध करायचं नसतं. चोवीस आकड्यांत शोधत गेलं तर काही ना काही नक्षी सापडतेच. म्हणून पडताळणी आकड्यांबाहेर केली: दोन्ही संचांतले दहा-दहा साचे घेतले, रिकामा साचा तोलला, काठोकाठ पाणी भरून पुन्हा तोलला. दुसऱ्या संचात सरासरी ९ ग्रॅम पाणी कमी मावलं. गूळ पाण्याहून जड, त्यामुळे ९ ग्रॅम पाण्याच्या जागेत साधारण १२-१३ ग्रॅम गूळ बसतो. हिशेब जुळला. साचे उलटे करून पाहिल्यावर कारणही दिसलं. रवा सुटावा म्हणून बुडावर ठोकून ठोकून तळ आत गेले होते. फरक इतका थोडा की एरवी डोळ्यात भरत नाही: ७० मिलिमीटर खोल साच्यात १३ ग्रॅम म्हणजे एक मिलिमीटरही नाही.

यामुळे तिसऱ्या उत्तराची रुंदीही समजते. जवळपास सगळी रुंदी दोन संचांच्या फरकातून आली होती. विषम आदणं आपसांत आणि सम आदणं आपसांत, एवढंच पाहिलं तर आदणांमधला फरक आतल्या फरकाने जेवढा व्हावा तेवढाच उरतो.

एकेक रव्याचं काय?

व्यापाऱ्याने विचारलेला पुढचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता: "म्हणजे पंचाण्णव टक्के रवे ९९४ ते ९९८ मध्ये आहेत ना?" नाहीत. नमुन्यातल्या २४ पैकी ९९३.९ ते ९९८.१ मध्ये मोजून सहा रवे बसतात. अंतराल सरासरीचा आहे, आणि सरासरी रव्यांपेक्षा फार कमी हलते. तोलायचे रवे वाढवले तर हा अंतराल आणखी अरुंद होईल आणि त्याच्या बाहेर आणखी रवे पडतील. रव्यांचा पसारा मात्र तेवढाच राहील.

एकेका रव्यासाठी वेगळा निकष लागतो. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांत १ किलोच्या पाकिटाला अनुज्ञेय त्रुटी १५ ग्रॅम आहे. सरासरी पाहतात ती वेगळी, आणि वजन निव्वळ धरतात, वेष्टन सोडून. नमुन्यात ९८५ च्या खाली एकच रवा आहे, चौथ्या आदणातला ९८२. पण दुसऱ्या संचाची सरासरी ९८९.५ आणि आतलं विचलन ४.७८ धरून, वजनं प्रसामान्य, म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेली, मानली, तर त्या संचाचे सुमारे १७ टक्के रवे ९८५ च्या खाली जातील. ६०० रव्यांत शंभराच्या आसपास. पहिल्या संचात असा रवा सापडणं जवळपास अशक्य. लेबलवर 'कोल्हापूर' लिहून माल जातो आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. अशा नावाच्या मालात हे शंभर रवे कोणाच्या हाती पडतात याची काळजी वाटायलाच हवी.

आणि 'पंचाण्णव टक्के खात्री' या शब्दांचं काय? खरी सरासरी एक ठरलेला आकडा आहे, तो हलत नाही. हलतो तो अंतराल, कारण नमुना दर वेळी वेगळा येतो. याच रीतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर शंभरातले पंचाण्णव अंतराल खऱ्या सरासरीला पोटात घेतील, एवढाच अर्थ. आपल्या हातातला त्या पंचाण्णवातला की पाचातला, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. पुतण्याने 'काका, पंचाण्णव टक्के खात्री' म्हटलं तेव्हा रीत वेगळी होती, माल वेगळा होता, गुणकही चुकला होता. त्या पंचाण्णवाला आधारच नव्हता.

निर्णय

गाडीपुरता हिशेब सरळ आहे. सरासरी तूट ४ ग्रॅम, १२०० रव्यांना ४.८ किलो. अंतरालाप्रमाणे तूट १.९ ते ६.१ ग्रॅम, म्हणजे गाडीमागे २.३ ते ७.३ किलो. व्यापाऱ्याने वरची कड धरून आठ रवे जादा घातले आणि सम आदणांचे २४ बॉक्स बाजूला काढून त्यातले ९८५ च्या खालचे रवे वेगळे करायला दोन माणसं लावली. ६०० रवे, वीस सेकंदांनी एक, दोघांत पावणेदोन तासांच्या आत काम झालं. सगळा माल तोलायला निघालेले पावणेसात तास इथे येऊन ठेपले, तेही नेमक्या जागी.

गुऱ्हाळमालकाला कळवलं ते असं: "तुमच्या दुसऱ्या संचाच्या साच्यांचे तळ आत गेले आहेत, त्यातला रवा पहिल्या संचापेक्षा सुमारे १३ ग्रॅम हलका निघतो. हंगामभराच्या सरासरीबद्दल आत्ताच काही म्हणत नाही, त्यासाठी आठच आदणं पाहिली आहेत." भांडायला जागाच नव्हती. तळ ठोकून सरळ केले गेले.

त्यानंतर सहा दिवस रोज दोन आदणं, प्रत्येक संचाचं एक, दर आदणाचे दोन रवे. बारा सरासऱ्या आल्या, पहिल्या-दुसऱ्या संचाच्या आळीपाळीने: १००४, १००१, १००६, ९९८, १००३, १००५, १०००, १००७, १००२, ९९९, १००८, १००३. एकूण सरासरी १००३, वर्गांची बेरीज ११०, विचलन ३.१६, प्रमाण त्रुटी ०.९१, टी (११) = २.२०१. अंतराल १००१.० ते १००५.०. आता हे उत्तर गुऱ्हाळाचं आहे, आणि १००० त्याच्या खाली आहे.

दोन संचांतला फरक १.७ ग्रॅम, त्याचा अंतराल −२.४ ते ५.८. शून्य आत आहे म्हणून 'दोन्ही संच सारखे झाले' असं लिहायचा मोह होतो. आकडे तेवढं म्हणत नाहीत. फरक असलाच तर सहा ग्रॅमच्या आत आहे, इतकंच म्हणतात. म्हणून बॉक्सवर खडूने आदणाचा क्रमांक आणि संचाचा क्रमांक लिहायचं अजून चालू ठेवलं आहे.